नवव्या स्लॅबचा ड्रोन व्हिडिओ: एप्रिलचा रूट तसाच नको

परब काकू (बी-७): अनिकेत, रीडेव्हलपमेंटमधल्या आपल्या नव्या बिल्डिंगच्या नवव्या स्लॅबचा व्हिडिओ कधी टाकतोस रे? एप्रिलमध्ये टाकला होतास तस्साच, गोल फिरून येणारा. ह्यांना अजून तोच लावून दाखवते.

अनिकेत (ए-१२): काकू, रविवारी उडवतोय. पण तस्सा गोल नाही जमणार. तिघांनी विचारलंय की रूट सेव्ह आहे तर नुसतं स्टार्ट दाबायचं ना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनिकेत (ए-१२): एप्रिलमध्ये चौथा स्लॅब होता. घरी कॉम्प्युटरवर लिची या ड्रोनचा रूट आखायच्या ॲपमध्ये साइटभोवती १२ पॉइंट टाकले, उंची सगळीकडे ४० मीटर. एक बाजू थेट प्लॉटवरून जाते. तिथल्या सॅटेलाइट फोटोत अजून आपली जुनी बिल्डिंगच आहे, गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्यांसकट. नवीन किती वर आलीय हे त्याला कळणार कुठून? नऊ स्लॅबचे २७ मीटर, खाली स्टिल्टचे ४, वर सळ्या आणि सेंटरिंग आणखी ४. झाले ३५. म्हणजे वर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून जेमतेम तीन मीटरने ड्रोन जाईल.

साने काका (सेक्रेटरी): शिवाय आता टॉवर क्रेन आहे. साइट इंजिनिअर म्हणाले, उंची ६० मीटर, आडवा हात ४५ मीटरचा. पण रविवारी काम बंद असतं.

अनिकेत (ए-१२): काका, काम बंद असलं की तो हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडतात. बांधून ठेवला तर वाऱ्याचा सगळा जोर मास्टवर, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबावर येतो. म्हणजे रविवारीच तो कुठल्या दिशेला असेल ते सांगता येत नाही. आणि माझ्या मिनी २ ड्रोनला समोरचं बघणारे सेन्सर नाहीत, फक्त खालचे आहेत. क्रेन आडवी आली तरी हा आपणहून थांबत नाही.

मृणाल (ए-४): तू बघून थांबवशील ना पण?

अनिकेत (ए-१२): बोट स्टिकवर असतंच. पण इमारतीच्या मागे गेला की दिसत नाही आणि सिग्नलही तुटतो. मिनी २ मध्ये मिशन, म्हणजे आखलेला रूट, ड्रोनच्या आत साठत नाही, ॲपच फोनवरून त्याला हाकत असतं. सिग्नल गेला की मिशन तिथेच संपतं. मग तो रिटर्न टू होमच्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत परत येतो. एप्रिलमध्ये ती उंची मी ५० ठेवली होती. रेषा साइटवरून, आणि क्रेन ६० ची.

मृणाल (ए-४): बाप रे. मग आमच्या गच्चीवरून उडव. भाड्याचं घर असलं तरी वॉचमन ओळखीचा आहे, सातव्या मजल्यावरून सगळं दिसतं.

अनिकेत (ए-१२): नको गं. उंची जमिनीपासून नाही, जिथून उडवतो तिथून मोजली जाते. तुमची गच्ची २२ मीटर, वर रूटचे ४०, झाले ६२. अगदी क्रेनच्या डोक्यापाशी. उलटी चूक मी मे महिन्यात केलीय. गच्ची धरून २० मीटरचा रूट आखला आणि उडवला खालून. ड्रोन समोरच्या सोसायटीत सहाव्या मजल्याच्या बाल्कनीसमोर गेला. एक आजी कपडे वाळत घालत होत्या, हातातली चादर त्यांनी तोंडासमोर धरली. वर जाऊन माफी मागून आलो, पण ते डोळ्यासमोरून जात नाही.

साने काका (सेक्रेटरी): परवानगीचं काय?

अनिकेत (ए-१२): २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे नॅनो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलट लायसन्स लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा ड्रोन झोनचा नकाशा मात्र त्या दिवशी सकाळी परत बघेन, झोन बदलू शकतात. पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश चालू आहे का, ते तुम्ही ठाण्यात विचाराल का काका?

साने काका (सेक्रेटरी): उद्याच जातो. बंदी असेल तर उडवायचं नाही, मग कोणी कितीही म्हणो.

कुलकर्णी आजोबा (बी-२): अनिकेत, मला गोल नको. आमची खिडकी मैदानाकडे होती. ती बाजू दिसली तरी पुष्कळ.

अनिकेत (ए-१२): आजोबा, तेच आखलंय. फक्त मैदानावरून ५ पॉइंटची कमान, मास्टपासून कुठेही ७५ मीटरच्या आत नाही. पॉइंटमध्ये सरळ रेषा ठेवल्यात, कर्व्ह ठेवला तर तो कोपरा कापून आत सरकतो. परतीची उंची ८०, आणि उडवणार मैदानातूनच, म्हणजे परतीची रेषा साइटवर येणारच नाही. एप्रिलचा ३ नंबरचा पॉइंट नेमका तुमच्या खिडकीच्या बाजूला आहे. तो जागा, उंची, कॅमेऱ्याचा कोन सगळं तसंच ठेवून घेतलाय. दर स्लॅबला तिथून एक फोटो तुम्हाला वेगळा पाठवेन.

कुलकर्णी आजोबा (बी-२): आमचा मजला कुठला ते खूण करून पाठव. चौथा होता, आता सहावा मिळालाय.

अनिकेत (ए-१२): करतो आजोबा. रविवारी सकाळी ७, मैदानातल्या पिचच्या रस्त्याकडच्या टोकाला. दर वेळी तिथूनच, एक पाऊल इकडेतिकडे नाही. मृणाल, तू ये, मी स्क्रीनकडे बघेन तेव्हा आकाशाकडे तू बघायचं.

मृणाल (ए-४): पावणेसातला हजर.