बॅटरी काढून रिमॅप जात नाही
दादा, तुला गाडीचा रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनरने केलेला बदल) काढायचाय, त्यावर वर कोणीतरी म्हटलंय बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेव, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपोआप स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, होईल, तसं अजिबात होत नाही. त्याने फक्त गाडीने शिकलेल्या व्हॅल्यू पुसल्या जातात, रिमॅप फ्लॅश मेमरीत (वीज गेली तरी न पुसली जाणारी मेमरी) तसाच राहतो. ज्याने रिमॅप केला त्या ट्यूनरकडून ओरिजिनल फाइलचा बॅकअप माग, चांगला माणूस ती आधी रीड करून ठेवतोच. ती फाइल परत टाकायचं काम नाशिकात अंबडला कर नाहीतर द्वारकेला, पण फ्लॅश होताना (फाइल ईसीयूत लिहिली जाताना) बॅटरीला चार्जर लावलाय ना हे प्लीज स्वतः बघ, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू डेड होऊ शकतो. ईजीआरला (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) प्लेट लावून बंद केला असेल तर ती आधी काढ, नाहीतर स्टॉक फाइलवर चेक इंजिनचा लाइट पेटणार. आणि वॉरंटीसाठी करत असशील तर काही ईसीयूत किती वेळा फ्लॅश झालं त्याची नोंद राहते.