मदत हवी आहे: ऑफिसांच्या इमारतीसाठी नियमावली कशी करावी? (पुणे)

नमस्कार मंडळी,

कर्वे रस्त्यावरच्या एका व्यावसायिक इमारतीत माझं ऑफिस आहे. तळमजल्यावर दुकानं, वर पाच मजले ऑफिसं. सीए, वकील, आर्किटेक्ट, एक दंतवैद्य, स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि सगळ्यात वर रात्रपाळी असलेली एक सॉफ्टवेअर कंपनी. यंदाच्या सर्वसाधारण सभेत नवी समिती निवडली गेली आणि सचिवपद माझ्याकडे आलं. आजवर सगळा कारभार तोंडी समजुतीवर चालला. आता लेखी नियमावली करायचं ठरलंय, आणि त्यासाठी तुमच्याकडून सल्ला हवा आहे.

आमची सहकारी संस्था नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, १९७० खाली असोसिएशन आहे. बिल्डरने डिक्लरेशनला (इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या नोंदणीकृत दस्ताला) जोडलेले बायलॉज, म्हणजे उपविधी आहेत, पण त्यात सभा, कोरम, हिशेब एवढंच. पार्किंग कोणी कुठे करायचं, एसीचं आउटडोअर युनिट कुठे लावायचं, ऑफिसचं फर्निचरचं काम किती वाजेपर्यंत चालवायचं, यावर एक ओळही नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न पार्किंगचा. क्लासची एक बॅच सुटते आणि दुसरी येते तेव्हा दुचाक्यांनी रॅम्पसुद्धा भरतो. दंतवैद्यांकडे येणाऱ्या वयस्कर माणसांना रिक्षातून रस्त्यावरच उतरावं लागतं. काही मालकांनी आपल्या जागेवर साखळ्या लावल्यात, त्यांतल्या निम्म्या जागा दिवसभर रिकाम्या असतात. आणि या सगळ्याचा मार कोणाला? वॉचमनला. 'गाडी काढा' म्हटलं की तो शिव्या खातो, आणि तसं म्हटलं नाही तर समितीकडून बोलणी खातो. बारा तास उभा राहणाऱ्या माणसाच्या हातात आपण एक कागदसुद्धा दिलेला नाही, हे मला फार लागतं. म्हणून नियमावली करताना माझी पहिली अट हीच आहे की तिच्यामुळे वॉचमन आणि हाउसकीपिंगच्या मावशी यांना कोणाशीही भांडावं लागू नये. निर्णय कोणाचा, तक्रार कोणाकडे आणि न ऐकल्यास पुढे काय, हे लिहिलेलं हवं.

दुसरं, रात्री दहानंतर एक लिफ्ट आणि पॅसेजचे दिवे बंद ठेवून सामाईक मीटरचं बिल वाचवावं असा प्रस्ताव आलाय. माझा त्याला विरोध आहे. वरच्या कंपनीत रात्री मुली काम करतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. ती जबाबदारी कंपनीची हे मान्य, पण जिन्यातला अंधार तर आपला असेल ना?

तिसरं, भाडेकरू. बरेच मालक परगावी असतात. सभेत मत त्यांचं, इमारत वापरणार भाडेकरू. त्यांना काहीही न विचारता केलेले नियम ते का पाळतील?

असे नियम कोणी केले असतील तर कुठून सुरुवात केलीत? दंड ठेवलात का? नमुना असेल तर कृपया द्या.

प्रतिसाद – मुठाकाठ

आधी एक फरक पक्का करा. बायलॉज बदलायचे असतील तर डिक्लरेशनची दुरुस्ती करून ती नोंदवावी लागते. रोजच्या वापराच्या नियमांना एवढा खटाटोप लागत नाही, ते बायलॉजच्या चौकटीत सर्वसाधारण सभेत ठराव करून करता येतात. पण बायलॉजशी विसंगत नियम केलात तर पहिलाच नाराज मालक तो मोडीत काढेल. त्यामुळे डिक्लरेशन आणि प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट (गाळ्याच्या मालकीचा दस्त) समोर ठेवूनच बसा.

पार्किंगचं उत्तरही तिथेच सापडेल. कोणती जागा सामाईक आणि कोणती ठरावीक गाळ्यांसाठी राखीव, हे डिक्लरेशनमध्ये असतं. बिल्डरने नुसत्या पावतीवर 'पार्किंग विकलं' असेल तर तेवढ्यावर साखळी लावू देऊ नका. स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधल्या जागेतलं) आणि उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला आहे. तो मोफाखालचा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखालचा होता, पण त्या कायद्यातल्या 'फ्लॅट'च्या व्याख्येत ऑफिस आणि दुकानही येतं. तुमची कागदपत्रं मात्र वकिलाला दाखवाच.

मेंटेनन्सबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो विषय निघणारच. अपार्टमेंट कायद्यात सामाईक खर्च प्रत्येक गाळ्याच्या सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, सगळ्यांना सारखा नाही. थकबाकीचा बोजा त्या गाळ्यावर राहतो, हेही नियमावलीत ठळक लिहा.

प्रतिसाद – दुपारचा चहा

मी बाणेरला एका ऑफिस कॉम्प्लेक्सचं व्यवस्थापन बघतो. अनुभवावरून सांगतो, सुरुवात 'हे करू नये' पासून करू नका. असोसिएशन काय करणार ते आधी लिहा: लिफ्टची देखभाल आणि विमा, टाक्या कधी धुणार, जनरेटर कशाकशाला पुरवणार, लिफ्ट बंद पडली तर कोणाला फोन करायचा. लोक मग उरलेलं मुकाट वाचतात.

आगीच्या बाबतीत सवलत नको. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घेऊन सादर करावा लागतो. तो नोटीस बोर्डवर लावा. जिन्यात खोके, जुनी कपाटं, सीएंच्या फायलींचे गठ्ठे दिसले तर आधी लेखी सूचना, मुदत संपल्यावर मालकाच्या खर्चाने हलवणे. क्लासची एवढी मुलं एका जिन्याने उतरणार आहेत, हे सभेत स्पष्ट बोला.

फर्निचरच्या कामासाठी आम्ही एक पानाचा अर्ज ठेवलाय. नकाशा, कंत्राटदाराचं नाव, कामगारांची यादी आणि परत मिळणारी अनामत. तोडफोड आणि ड्रिलिंग संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. राडारोडा गोणीत भरून त्याच दिवशी बाहेर. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, आणि बाथरूमची जागा बदलायची तर खालच्या मजल्यावरच्या माणसाला आधी दाखवायचं. कचऱ्याचं म्हणाल तर ओला-सुका वेगळा करणं ऑफिसवाल्यांनीच करायचं. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई उचलायला येतात, निवडत बसायला नाही.

दंड वसूल होणार असेल तरच लिहा. आणि पाणी किंवा वीज तोडण्याची धमकी नियमावलीत कधीही घालू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डिक्लरेशनची प्रमाणित प्रत काढायला टाकतो. साखळ्यांचा विषय ती हाती आल्यावरच सभेत घेईन.

पार्किंगचा मसुदा असा केलाय: "प्रवेशद्वारासमोरची एक जागा रुग्ण, ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींना उतरवण्यासाठी मोकळी राहील. क्लासने दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवावं आणि त्या वेळी आपला माणूस रॅम्पवर उभा करावा. नियमभंग झाल्यास वॉचमन फक्त गाडीचा नंबर नोंदवेल. पुढची कारवाई समिती करेल." क्लासच्या सरांशी बोललो, माणूस द्यायला ते तयार आहेत.

दिव्यांसाठी पॅसेजमध्ये सेन्सर आणि एलईडी बसवायचा पर्याय मांडणार आहे, म्हणजे बिलही उतरेल आणि अंधारही होणार नाही. एक लिफ्ट रात्रभर चालू राहील.

भाडेकरूंना मत देता येत नसलं तरी मसुदा त्यांच्याकडे आधी पाठवून लेखी सूचना मागवायच्या आणि त्या सभेत वाचून दाखवायच्या, असं समितीने मान्य केलंय. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात 'असोसिएशनचे नियम पाळीन' असं कलम मालकांनी घालावं, अशीही विनंती करतोय. त्या कलमाचा मराठी मसुदा कोणाकडे तयार असेल तर इथे टाकाल का? सभा पुढच्या महिन्यात आहे.