तालुक्याच्या गावी एए मीटिंग कशी शोधायची? (मराठीत हवी)

भीमाकाठ: धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय. तिथे रोज एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना) मीटिंग व्हायची, इकडे कुणाला एए म्हणजे काय तेही माहीत नाही. जवळची मीटिंग शोधायची कुठे? पहिल्यांदा मी किंवा भावजय सोबत गेलो तर चालतं का? फी किती असते?

आजचा_दिवस: दादा, शोध डिस्चार्जच्या आधी लावा. केंद्रातल्या समुपदेशकाला स्पष्ट विचारा, "आमच्या तालुक्यातले, दारू सोडून टिकलेले कोणी आहेत का, आणि ते कुठे बसतात?" संकेतस्थळावरच्या यादीपेक्षा ही माहिती ताजी असते. मुक्तांगणसारख्या केंद्रांचे पाठपुरावा गटही गावोगावी भरतात. ते एए नव्हेत, पण तिथे येणाऱ्यांना मीटिंगची खबर असते. मग एए इंडियाच्या संकेतस्थळावरची यादी आणि हेल्पलाइन. तिथेही नाही जमलं तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक आहे, फोन मोफत लागतो.

पत्ता मिळाला म्हणून थेट निघू नका, आधी फोन करा. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, नाहीतर दवाखान्याच्या हॉलमध्ये भरतात. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली किंवा तिथे मतदान केंद्र आलं की जागा हलते आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. फोनवर एवढं विचारा: वार आणि वेळ तीच आहे का, कितव्या मजल्यावर, मराठीत चालते का, खुली की बंद, आणि नवीन माणसाला गेटवर कोणी घ्यायला येईल का. हा शेवटचा प्रश्न लाजून गाळू नका. नवीन माणूस दारापर्यंत येऊन परत फिरतो, तो बहुतेक वेळा खोली सापडली नाही म्हणून. बाहेर मोठी पाटी नसते, कागदावर नुसतं 'एए' लिहिलेलं असतं. वॉचमनलाही "एए मीटिंग" एवढंच विचारा, "दारू सोडणाऱ्यांची सभा" म्हणू नका.

सातवी_परंपरा: फी नाही, प्रवेश अर्ज नाही. शेवटी पेटी फिरते, तीत सभासद आपापल्या मर्जीने टाकतात. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही असा एएचा नियमच आहे, त्यामुळे तुम्ही मोठी रक्कम देऊ केलीत तरी घेणार नाहीत. एएच्या नावाने कोणी नोंदणीचे पैसे मागितले तर ती एए नाही.

'बंद' मीटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच बसतो. 'खुली' असेल तर तुम्ही दोघंही बसा. तास-दीड तास चालते. भावाने बोलायलाच हवं असं नाही, "आज ऐकतो" म्हटलं की पुरे. दुसऱ्याचं शेअरिंग (स्वतःचा अनुभव सांगणं) चालू असताना मध्ये सल्ला द्यायचा नाही, आणि तिथे ऐकलेलं घरी विचारायचंही नाही. हे दुसरं घरच्यांना जड जातं. "आज काय म्हणाले रे?" एवढ्या साध्या प्रश्नानेही माणूस मीटिंगला जायचं टाळू लागतो.

भावजयीसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे, १९५१पासून चालू असलेली घरच्यांची संघटना. नवरा एएला जात नसला तरी बायकोला तिथे जाता येतं.

ओपीडी_खिडकी: एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. मीटिंग म्हणजे उपचार नव्हे. भाऊ घसरला, काही दिवस रोज प्यायला आणि मग एका झटक्यात बंद केली, तर त्याला घरी कोंडू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरणं, घाम सुरू होतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास. तेव्हा मीटिंग नाही, सरळ जिल्हा रुग्णालय.

आणि ती भिंतीवरची "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" वाली पुडी आणू नका. आत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरमसारखं औषध असेल आणि वर तो प्यायला, तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं, जिवावरही बेततं. डॉक्टरांनी डायसल्फिरम दिलंच तर भावाला सांगून, शेवटच्या दारूला किमान १२ तास झाल्यावर. गोळी बंद केली तरी असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो, आणि खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, म्हणून बाटली वाचून घ्या.

भीमाकाठ: सगळ्यांचे आभार. फोन लागला. जवळची मीटिंग ४० किलोमीटरवर, तीही फक्त गुरुवारी, संध्याकाळी ७ला. बाकीचे सहा दिवस?

आजचा_दिवस: गुरुवारी शेवटची एसटी किती वाजता ते आधी बघा. साडेआठला मीटिंग सुटली आणि गाडी सव्वाआठची असेल तर दोन आठवड्यांत जाणं थांबेल. परतीला त्याच रस्त्याने येणारं कोणी आहे का, ते गटातच विचारा. इतर दिवशी ऑनलाइन मीटिंग, इअरफोन लावून, दार लावून. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. आणि गुरुवारी परतताना दोन-तीन जणांचे फोन नंबर घेऊनच यावं. तल्लफ आली की फोन पिण्याआधी करायचा, नंतर नाही.

सातवी_परंपरा: तुमच्याच गावात दारू सोडू पाहणारा दुसरा एक माणूस मिळाला तर गट सुरू करता येतो, दोघं पुरतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ, एक खोली. पण भावाने लगेच हे अंगावर घेऊ नये. आधी काही महिने गुरुवारच्या गटात बसू दे. मग तिथल्याच जुन्या सभासदांना पहिल्या काही मीटिंगांना बोलवा, ते येतात.

भीमाकाठ: शेवटची गाडी ९ची आहे. गुरुवारी निघतोय.