एचएमजी प्रथिनं आणि ग्लोबिनचा जीन
एकांनी लिहिलंय की कोणता जीन चालू राहणार हे एचएमजी प्रथिनंच (पेशीच्या केंद्रकात डीएनएलगत बसणारी छोटी प्रथिनं) ठरवतात. ते मला पटत नाही. कोंबडीच्या तांबड्या पेशींत ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचा) जीन डीएनेज-१ या डीएनए तोडणाऱ्या विकराने चटकन तुटतो, हे वाइनट्रॉब आणि ग्रूडीन यांनी १९७६ मध्ये दाखवलं. १९७९ मध्ये वाइसब्रॉड आणि वाइनट्रॉब यांनी ०.३५ मोलर मिठाच्या द्रावणाने या पेशींच्या क्रोमॅटिनमधून (डीएनए आणि त्याला जोडलेली प्रथिनं) एचएमजी-१४ आणि १७ धुऊन काढली. जीनची ती संवेदनशीलता, म्हणजे चालू जीनची खूण असलेलं चटकन तुटणं, गेली; प्रथिनं परत मिसळल्यावर पुन्हा आली. खरी गंमत पुढे आहे. त्या धुतलेल्या क्रोमॅटिनमध्ये मेंदूच्या पेशींतली एचएमजी घातली तरी हेच घडतं! उलट मेंदूच्या क्रोमॅटिनमध्ये तांबड्या पेशींची एचएमजी घाला, ग्लोबिनचा जीन डीएनेजला दाद देत नाही. म्हणजे वेगळेपण आधीपासून न्यूक्लिओसोममध्येच (डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळून बनलेल्या मण्यांमध्येच) असतं, ही प्रथिनं तिथे नंतर जाऊन बसतात.