रेडिओवरच्या 'चालू घडामोडी': याला नेमकं काय म्हणावं?

मूळ प्रश्न

रेडिओ पत्रकारितेवर एक दीर्घ लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी सारखी अडते आहे: 'करंट अफेअर्स प्रोग्रॅम'. 'बातम्या' म्हटलं तर अर्थ निसटतो. बातमीपत्र काय घडलं ते सांगतं आणि थांबतं. हे कार्यक्रम तिथून पुढे सुरू होतात. का घडलं, निर्णय कोणाच्या हातात होता, त्याचं म्हणणं काय, आणि त्या म्हणण्यावर त्याला कोणी उलट प्रश्न केला का? बीबीसीचा 'द वर्ल्ड ॲट वन' १९६५ साली सुरू झाला तेव्हा त्याचं वेगळेपण हेच होतं. दुपारी एकच्या बातम्या आणि त्यांच्यावरच्या मुलाखती एका कार्यक्रमात आल्या. माइकसमोर कमावलेल्या आवाजाच्या निवेदकाऐवजी विल्यम हार्डकासल बसले. ते 'डेली मेल' या दैनिकाचे माजी संपादक होते.

मला तीन ठिकाणी शब्द हवे आहेत. एक कार्यक्रमाच्या या प्रकाराला, दुसरा माइकसमोरच्या पत्रकाराला, आणि तिसरा ज्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही पण ज्यांच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही त्यांना. नवे शब्द घडवायचा हट्ट नाही. रुळलेले मिळाले तर उत्तमच.

प्रतिसाद

'चालू घडामोडी' आहे की! वर्तमानपत्रं, शिक्षक, विद्यार्थी, सगळे वापरतात. वेगळं काही शोधायची गरज वाटत नाही.

प्रतिसाद

वापरतात खरं, पण आता कशासाठी वापरतात ते पाहा. स्पर्धा परीक्षांनी हा शब्द जवळजवळ ताब्यात घेतला आहे. 'चालू घडामोडी' म्हटलं की पाठ करायच्या नोंदी आठवतात: कोणाची नेमणूक झाली, कोणता पुरस्कार कोणाला मिळाला. म्हणजे ज्या सुट्या तपशिलांच्या पलीकडे जाण्यासाठी रेडिओवर हे कार्यक्रम निघाले, नेमक्या त्याच तपशिलांचं नाव त्यांना द्यायचं?

माझं मत असं की यातलं 'चालू' काढून टाकावं. 'घडामोडी' हा शब्द एकटाच फार चांगला आहे. घडणं आणि मोडणं दोन्ही त्यात आहे. काहीतरी आकार घेतं आहे, काहीतरी विस्कटतं आहे, आणि निकाल अजून लागलेला नाही. इंग्रजीतल्या 'अफेअर्स'मध्ये एवढी हालचाल नाही. घडामोड संपली की आपण तिला घडामोड म्हणतही नाही, घटना म्हणतो. तेव्हा 'चालू' हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे.

आता 'सामयिक'बद्दल, कारण कोणीतरी तो सुचवणारच. आकाशवाणीवर रात्रीच्या हिंदी बातम्यांनंतर 'सामयिकी' नावाचा कार्यक्रम असतो, इंग्रजीत त्याच जातीचा 'स्पॉटलाइट'. हिंदीत 'सामयिकी' शोभतो. मराठीत त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली, आपल्याकडे 'सामयिक' म्हणजे नियतकालिक हा अर्थ आधीच बसलेला आहे. दुसरी जास्त गंभीर: ऐकणाऱ्याला 'सामायिक' ऐकू येतं. सामायिक भिंत, सामायिक विहीर, सामायिक खातं. छापील मजकुरात एक काना डोळ्याला दिसतो, रेडिओवर तो विरून जातो. जो शब्द फक्त कानांसाठी आहे तो कानांनीच तपासला पाहिजे.

'परामर्श'ही टाळावा. मराठीत 'परामर्श घेणे' म्हणजे एखाद्या विषयाचा सांगोपांग विचार करणं, आणि तो अर्थ इथे चपखल बसतो. पण हिंदीत परामर्श म्हणजे सल्ला. रोज दोन्ही भाषा ऐकणाऱ्या श्रोत्याला हा सल्ल्याचा कार्यक्रम वाटेल.

प्रतिसाद

मग उरतात आढावा, मागोवा आणि वेध. तिन्ही रेडिओच्या तोंडी रुळलेले आहेत, पण ते एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यात नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं.

आढावा हा मुळात हिशेबाचा शब्द, जमाखर्चाचा गोषवारा. सगळ्या खात्यांवरून नजर फिरवायची, एकातही खोल शिरायचं नाही. १३ मार्च १९३८ रोजी अमेरिकेच्या सीबीएस रेडिओनं केलेलं प्रसारण आठवा. जर्मनीनं ऑस्ट्रिया नुकताच गिळला होता. लंडनहून विल्यम शायरर, व्हिएन्नाहून एडवर्ड मरो, शिवाय पॅरिस आणि बर्लिनमधले पत्रकार एकामागून एक बोलले आणि न्यूयॉर्कमधून रॉबर्ट ट्राउट त्यांना जोडत गेले. एका अर्ध्या तासात युरोपच्या राजधान्यांमधून फेरी मारली गेली. त्या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातही 'राउंडअप' आहे. याला 'आढावा' हा शब्द अगदी योग्य.

मागोवा वेगळा. माग काढत मागे जायचं, पावलं कुठून आली ते शोधायचं. म्हणून मागोवा शक्यतो एकाच विषयाचा असतो, आणि तो घ्यायला वेळ लागतो. दहा विषयांचा 'मागोवा' दहा मिनिटांत घेतो म्हणणारा कार्यक्रम खरं तर आढावाच घेत असतो.

वेध हा या तिघांमधला सगळ्यात ताकदीचा शब्द. त्यात आरपार जाणं आहे, आणि ग्रहणाच्या वेधांमुळे पुढे येणाऱ्याची चाहूलही आहे. 'निवडणुकीचे वेध लागले' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. 'घडामोडींचा वेध' या दोन शब्दांत आत शिरणं आणि पुढचं पाहणं दोन्ही येतं. अडचण एवढीच की शीर्षकांमध्ये तो फार वापरला गेला आहे. पण वापरून झिजला म्हणून चांगला शब्द सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

प्रतिसाद

माइकसमोरच्या माणसाबद्दल लिहितो. इथे मराठीत बरेच शब्द आहेत आणि त्यांच्या सीमा पुसट आहेत.

वृत्तनिवेदक म्हणजे बातमीपत्र सादर करणारा किंवा करणारी. पुणे केंद्रावरच्या सुधा नरवणे यांचं नाव जुन्या श्रोत्यांच्या ओठांवर असतं ते याच कामामुळे. आकाशवाणीच्या मराठी बातम्यांची सुरुवात लक्षात घ्या: अमुक 'बातम्या देत आहे'. वाचत आहे असं म्हणत नाहीत. बीबीसीवर दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, निवेदक स्वतःचं नाव सांगू लागले. शत्रूनं खोटं प्रसारण केलं तर श्रोत्यांना आपला आवाज ओळखता यावा म्हणून. त्यांचं वाक्य मात्र 'या बातम्या अमुक वाचत आहे' असं होतं. मराठीतलं 'देत आहे' मला अधिक आपुलकीचं वाटतं, त्यात घेणाराही गृहीत धरलेला आहे. तरी दोन्हीकडे काम तेच: समोरचा कागद स्पष्ट, निःपक्ष आवाजात पोचवणं.

घडामोडींच्या कार्यक्रमातल्या पत्रकाराचं काम याच्या उलट दिशेनं जातं. तो ऐकतो, अडवतो, पुन्हा विचारतो. कागदावर नसलेला प्रश्न त्याला तिथल्या तिथे सुचावा लागतो. त्याला निवेदक म्हटलं तर हे सगळं झाकलं जातं. 'सूत्रसंचालक' म्हटलं तर समारंभ आठवतो. 'प्रस्तुतकर्ता' हिंदीतून आलेला आहे आणि त्यातही फक्त मांडणं आहे. मी तरी सरळ 'पत्रकार' लिहीन: 'कार्यक्रमाचे पत्रकार अमुक'. जिथे भूमिका स्पष्ट करायलाच हवी तिथे 'मुलाखतकार'.

प्रतिसाद

'वार्ताहर' या शब्दावरून मला अनेकदा विचारतात की यात 'हर' म्हणजे हरण करणारा का. नाही. संस्कृतात 'हृ' धातूचा अर्थ वाहून नेणं, आणणं असाही आहे. वार्ता घेऊन येणारा तो वार्ताहर. रेडिओच्या बातमीदाराला यापेक्षा नेमका शब्द नाही. 'बातमीदार'ही तितकाच चांगला आहे आणि बोलायला हलका आहे.

प्रतिसाद

मुलाखतीवर थोडं थांबायला हवं, कारण या कार्यक्रमांचा प्राण तोच आहे.

'मुलाखत' मूळची अरबी, अर्थ भेट. हिंदी-उर्दूत अजून भेटच आहे. मराठीत तो अर्थ आक्रसून 'प्रश्नोत्तरांची भेट' एवढाच राहिला, पण भेटीचा जिव्हाळा शब्दाला चिकटून आहे. 'प्रकट मुलाखत' म्हटलं की आपल्याला आठवणी, किस्से, मोकळ्या गप्पा अपेक्षित असतात. कलावंताच्या बाबतीत ते योग्यच. पण सत्तेतल्या माणसाला माइकसमोर बसवून 'तुम्ही गेल्या वर्षी हे म्हणाला होतात, आज हे म्हणता, यातलं खरं कोणतं?' असं विचारणं हीसुद्धा मुलाखतच? रॉबिन डे १९७९ ते १९८७ 'द वर्ल्ड ॲट वन' सादर करत होते. त्यांचं शिक्षण बॅरिस्टरीचं. त्यांच्या प्रश्नांमध्ये कोर्टातल्या उलटतपासणीची शिस्त होती. ऐकणाऱ्याला नेमकं कळायचं की कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि कोणत्या प्रश्नाला बगल दिली गेली.

अशा मुलाखतीला मराठीत शब्द नाही असं लोक म्हणतात. आहे. 'जाब विचारणं'. जवाब या शब्दाचा झिजून 'जाब' झाला, पण जबाबदारीचं वजन त्यानं सोडलं नाही. 'जाब' कोणाला विचारतात? ज्याला उत्तर देणं भाग आहे त्याला. अनोळखी वाटसरूला आपण जाब विचारत नाही. जुन्या कागदपत्रांत 'जाबसाल' हा शब्द राजकीय बोलणी आणि सवाल-जबाब यांसाठी येतो, त्यामुळे या शब्दाला सार्वजनिक कारभाराचा संदर्भही आहे. लेखात जिथे आक्रमक, टोकदार असं लिहावंसं वाटेल तिथे 'जाब विचारणारी मुलाखत' लिहून पाहा. आक्रमकपणा हा आवाजाचा गुण झाला. जाब हा नात्याचा शब्द आहे, लोक आणि त्यांचे कारभारी यांच्यातल्या.

प्रतिसाद

सहमत. एक भर घालते. माणूस समोर बसलेलाच असला पाहिजे असं नाही. कॅनडाच्या सीबीसीवर १९६८ पासून चाललेल्या 'ॲज इट हॅपन्स'चं सगळं तंत्रच टेलिफोनवर उभं आहे. जगात कुठेही काही घडलं की तिथल्या माणसाला थेट फोन लावायचा. बार्बरा फ्रम यांनी १९७१ पासून दहा वर्षं तो कार्यक्रम गाजवला. 'दूरध्वनीवरून घेतलेली मुलाखत' हे लांबलचक होतं, आपण नुसतं 'फोनवर गाठलं' म्हणतो. 'गाठणं' हे क्रियापद लेखात जरूर ठेवा, पत्रकाराचा पाठलाग त्यात ऐकू येतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'घडामोडींचा कार्यक्रम' हा सर्वसाधारण शब्द पक्का करते आहे. आढावा, मागोवा, वेध त्या त्या अर्थानंच वापरेन. 'जाब' तर हवाच होता.

आणखी एक शंका आहे. परदेशातल्या किंवा दूरच्या प्रतिनिधीनं तिथल्या परिस्थितीवर केलेलं चार-पाच मिनिटांचं कथन असतं, त्याला काय म्हणू? आणि पडद्यामागच्या लोकांचं काय?

प्रतिसाद

पहिल्याचं उत्तर 'वार्तापत्र'. बातमीपत्र आणि वार्तापत्र यांत मराठीनं सुंदर फरक ठेवला आहे. बातमीपत्रात अनेक बातम्या असतात आणि लिहिणाऱ्याचा 'मी' कुठेच नसतो. वार्तापत्र एका माणसाचं, एका ठिकाणाहून आलेलं असतं. दैनिकांत 'दिल्ली वार्तापत्र' वाचताना लिहिणाऱ्याची नजर जाणवते ती यामुळेच. बीबीसीवर १९५५ पासून चालू असलेलं 'फ्रॉम अवर ओन करस्पॉन्डंट' हे शुद्ध वार्तापत्र. ॲलिस्टर कुक यांनी १९४६ ते २००४ अमेरिकेहून जे साप्ताहिक कथन केलं त्याच्या तर नावातच पत्र होतं. रेडिओवर कागद दिसत नाही म्हणून 'पत्र' शब्द चुकीचा, असं मानू नका. ऐकणाऱ्याला उद्देशून कोणीतरी दुरून बोलतं आहे, हा पत्राचा गाभा आवाजात अधिकच जिवंत होतो.

मला खटकतो तो 'ठळक बातम्या'. ठळक हा डोळ्यांचा शब्द, मोठ्या टाइपाचा. पण तो आता इतका रुजला आहे की त्याला हात लावू नये.

प्रतिसाद

पडद्यामागच्यांबद्दल. 'निर्माता' म्हटलं की सिनेमात पैसा घालणारा आठवतो, म्हणून काही जण हा शब्द टाळतात. टाळू नये. आकाशवाणीच्या कार्यक्रमांच्या शेवटी 'निर्मिती' अमुक यांची असं सांगण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिथे पैशांचा संबंध नसतो. विषय निवडणं, योग्य माणूस शोधणं, तो नाही म्हणाला तर दुसरा शोधणं, पत्रकाराला पूर्वपीठिका तयार करून देणं, सेकंदांचा हिशेब ठेवणं, ही सगळी निर्मितीच. पण संपूर्ण कार्यक्रमाची दिशा ठरवणारा, चुकीची जबाबदारी घेणारा माणूस असतो त्याला 'संपादक' म्हणा. 'द वर्ल्ड ॲट वन'चे अँड्र्यू बॉइल हे त्या अर्थानं संपादक होते.

'संकलन' जपून वापरा. सिनेमात ते कापणं-जोडणं, वृत्तपत्रात ते बातम्या गोळा करणं. अमेरिकेच्या एनपीआरनं ३ मे १९७१ रोजी 'ऑल थिंग्ज कन्सिडर्ड' सुरू केला तेव्हा पहिल्याच दिवशी वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरची व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शनं वीस मिनिटांहून अधिक वेळ ऐकवली. गर्दी, गोंधळ, आंदोलक, पोलीस. वार्ताहरांनी ते आवाज रस्त्यावरून आणले आणि नंतर ते कापून जोडले गेले, म्हणजे दोन्ही अर्थांची संकलनं त्यात आहेत. तिथे 'ध्वनिमुद्रण केलं' आणि 'ध्वनिफितीचं संपादन केलं' असं वेगवेगळं लिहिलं तर गोंधळ होणार नाही.

प्रतिसाद

शेवटचं एक, जाब विचारण्याशी जोडलेलं. कार्यक्रमात बोलावलेल्या प्रत्येकाला 'पाहुणे' म्हणायची सवय लागली आहे. तज्ज्ञ, लेखक, प्रत्यक्षदर्शी यांना म्हणावं. पण पाहुण्याला अडचणीचं विचारायचं नसतं हा आपल्या भाषेतला संकेत आहे, आणि मंत्र्याला किंवा आयुक्ताला पाहुणा म्हणून बसवलं की पहिला प्रश्नच नरम होतो. त्यांचं पद आणि नाव सांगावं, आणि प्रश्न सुरू करावा.