दवाखान्याने दर आठवड्याला व्यायामाची पैज लावावी का?

मांजलपूरकर

आमच्या मांजलपूरच्या फॅमिली डॉक्टरांनी दिवाळीनंतर एक उपक्रम सुरू केलाय आणि त्यावरून सोसायटीत सरळ दोन तट पडलेत. इथे बडोद्याची बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढतोय.

दर सोमवारी दवाखान्याच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या आठवड्याचं चॅलेंज येतं. एका आठवड्यात दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालायचं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट बंद. मग हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. मग बेसिनपाशी दात घासताना एका पायावर उभं राहणं, एक हात कडेला धरून. रविवारी सकाळी ज्यांना जमेल ते कमाटीबागेत भेटतात आणि कोणी किती केलं ते सांगतात. ज्याचं सगळ्यात जास्त, त्याचं नाव आठवडाभर फळ्यावर. फी नाही, बक्षीस नाही.

माझं मत असं की हे प्रत्येक दवाखान्याने करावं. डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, चालत जा. आपण मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच ऐकतो. मधल्या काळात कोणी विचारत नाही. इथे रविवारी कोणीतरी विचारतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मापही आठवड्याचंच आहे: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा. सलग दहा मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अट २०२० च्या सूचनांमधून काढून टाकली आहे. म्हणजे जिन्याचे दोन मजलेसुद्धा हिशेबात धरले जातात.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. हे उंबरठ्यावरचे लोक स्वतःहून दवाखान्यात येत नाहीत, कारण त्यांना काही दुखत नाही. त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचायला हवं, आणि फॅमिली डॉक्टरइतका ओळखीचा माणूस दुसरा कोण?

जुनाबडोदेकर

माझा स्पष्ट विरोध. व्यायामाला नाही, फळ्याला आणि पैजेला.

दवाखान्यात माणूस जातो तो दुखणं घेऊन, मनात भीती घेऊन. समोर फळ्यावर शेजाऱ्याचं नाव पहिलं लिहिलेलं दिसलं, की ज्याचा गुडघा गेलाय त्याने काय समजायचं? आपण कमी पडलो, हेच ना? आजारी माणसाला कमीपणा वाटेल असं काहीही दवाखान्याच्या भिंतीवर असू नये.

व्यायामाची जागा तालीम आणि हे बडोद्याला तरी सांगायला नको. जुम्मादादा व्यायाम मंदिर याच गावातलं. प्रोफेसर माणिकरावांनी तिथे पिढ्या घडवल्या. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० त्यांच्या हाताखाली तयार झाले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे. तालमीत वस्ताद आधी तुमचं शरीर बघतो. एकाला जोर देतो, दुसऱ्याला बैठका, तिसऱ्याला महिनाभर नुसतं चालायला लावतो. फळ्यावर लिहिलेलं एकच वाक्य दोनशे माणसांना कसं लागू पडेल?

अकोटा_फिजिओ

काका, माणिकराव हाडं बसवण्यासाठीही नावाजलेले होते. तालीम आणि उपचार एका छपराखाली ही गोष्ट या गावात जुनीच आहे, त्यामुळे 'दवाखान्याचं हे काम नव्हे' हे मला पटत नाही. पण सगळ्यांना एकच चॅलेंज, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस जेवण पुढे ढकलून जोरात चालला, तर साखर एकदम खाली येऊ शकते. त्याला बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल, तर साखर उतरल्याच्या धडधड आणि थरथर या खुणा दबतात. घाम तेवढा येतो, आणि बडोद्याच्या मे महिन्यात घामाकडे कोण लक्ष देणार? त्याच गोळीने नाडीही फारशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळात आकडा कमी दिसतो म्हणून तो माणूस आणखी जोर लावतो. हा धोका खरा आहे.

जिन्याचंही तसंच. गुडघ्याची झीज असलेल्यांना बहुतेक वेळा चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं. 'जिन्याने चढा, लिफ्टने उतरा' असं लिहिलं असतं तर कितीतरी लोकांना जमलं असतं. खुर्चीचा व्यायाम उत्तम आहे, खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. एका पायावर उभं राहणं म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोलाचं, कारण त्या वयात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं याने माणूस अंथरूण धरतो. मात्र ओल्या बाथरूममध्ये ते करू नका. कोरड्या जागी, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून करा.

डॉक्टरांजवळ प्रत्येकाची फाइल आहे. तालमीच्या वस्तादाला तुमची औषधं माहीत नसतात, डॉक्टरांना असतात. चॅलेंज दवाखान्यातून यावं असं मी म्हणते ते एवढ्यासाठीच. पण मग ती फाइल उघडून चॅलेंज द्या. एकाच चॅलेंजच्या तीन पायऱ्या करा आणि कोणाची कोणती पायरी ते डॉक्टरांनी ठरवावं.

वाडी_वहिनी

मांजलपूरकर दादा, एक विचारते. आतापर्यंत फळ्यावर बायकांची नावं किती आली?

मांजलपूरकर

वहिनी, बहुतेक नावं पुरुषांचीच आहेत. निवृत्त मंडळी जास्त.

वाडी_वहिनी

मला तेच वाटलं होतं. आता माझं ऐका.

लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नव्हत्या. पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के. हे वाचून आमच्या घरातले म्हणाले, बायका बसून असतात. मला फार राग आला. तासभर ओट्यापाशी उभं राहून पोळ्या करणारी बाई बसलेली नसते. तिची कंबर आणि पोटऱ्या भरून येतात, पण दम लागेल, छाती भरून श्वास घ्यावा लागेल, असं त्यात काही नाही. आणि स्वतःसाठी अर्धा तास काढायचा तर घरातल्या चौघांची वेळ आधी जुळवावी लागते.

रविवारी सकाळी कमाटीबाग. रविवारी सकाळी आमच्याकडे पाहुणे, सेवउसळ, मुलांची अंघोळ, सासूबाईंची पूजा. ही वेळ ठरवताना कोणी आम्हाला विचारलं?

आणि तुम्ही म्हणता तशी चॅलेंजची गरज आहे हे मला मान्य नाही. याच बायका नवरात्रात नऊ रात्री तासन्‌तास गरबा खेळतात. त्यांना कोणी आकडा विचारत नाही, फळ्यावर नाव लिहीत नाही. तरी येतात, कारण जेवणं आटोपल्यावरची वेळ असते, शेजारणी बरोबर असतात आणि घरात कोणी 'आत्ता कुठे निघालीस' म्हणत नाही. आम्हाला ते तिन्ही द्या. पैज राहू दे.

गोत्रीरोड

वहिनींचं वाचून थांबलो होतो, पण माझी तक्रार निराळी आहे.

आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात असाच ग्रुप काढला होता, नाव लिहीत नाही. पहिल्या महिन्यात पावलं. दुसऱ्या महिन्यात वजन. कोणाचं किती कमी झालं ते नावानिशी ग्रुपवर. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचं वजन तिच्या होणाऱ्या सासरच्या लोकांनी तिथे वाचलं. पुढे त्याच ग्रुपवर रक्ततपासणीच्या पॅकेजच्या जाहिराती आल्या. मी बाहेर पडलो.

डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या नियमांत, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष गिऱ्हाईक न ओढणं ही दोन्ही बंधनं आहेत. पैज मैत्रीची असो नाहीतर कसली, वजन, साखर, बीपी यातलं काहीही ग्रुपवर येता कामा नये. माणसाने स्वतः लिहिलं तरी डॉक्टरांनी काढून टाकावं. 'स्वखुशीने दिलं' हे कारण मला चालत नाही. डॉक्टरांसमोर नाही म्हणणं आपल्याकडे फार थोड्यांना जमतं.

फतेगंज_कट्टा

पैजेच्या बाजूनेही कोणीतरी बोललं पाहिजे, नाहीतर नुसत्या भीतीने चांगली गोष्ट बंद पडेल.

अमेरिकेत एका कंपनीतल्या ६०२ जास्त वजनाच्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या हाताला पावलं मोजणारं यंत्र. एका गटाला नुसतं यंत्र. बाकी तीन गटांना खेळ: एकात घरच्या माणसाचा आधार, एकात टोळीने मिळून, एकात आपसांत स्पर्धा. २४ आठवड्यांत तिन्ही खेळांनी पावलं वाढली, स्पर्धेने सर्वांत जास्त, नुसत्या यंत्रवाल्यांपेक्षा दिवसाला सुमारे ९२० पावलं. खेळ बंद केल्यानंतर पुढचे १२ आठवडेही मोजलं, आणि ठळक वाढ टिकली ती फक्त स्पर्धेच्या गटात. पैज काढून टाका म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

दहा हजार पावलांची दहशत मात्र कोणी घेऊ नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राबरोबर पसरला, कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन बायकांच्या एका अभ्यासात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. जास्त चालल्यामुळेच मृत्यू कमी झाले, हे त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही. तरी थोडं चालणाऱ्याने आणखी थोडं चालावं एवढं त्यातून नक्की घ्यावं.

जुनाबडोदेकर

उत्तर देतो. ते कंपनीतले कर्मचारी होते, पगारदार, हिंडते-फिरते. दवाखान्याच्या बाकावर बसणारी माणसं तशी नाहीत. स्पर्धेत जिंकतो तो आधीच धडधाकट असलेला. ज्याला गरज सगळ्यात जास्त, तो दुसऱ्या आठवड्यात गप्प होतो आणि चौथ्या आठवड्यात ग्रुप सोडतो. त्याचं नाव कुठल्याच फळ्यावर नसल्यामुळे तो गेल्याचं कोणाला कळतही नाही. फतेगंजचे भाऊ, मला त्या माणसाची काळजी आहे.

प्रतापनगरची_आजी

नातवाकडून टाइप करून घेतेय. मी याच मांजलपूरच्या ग्रुपमध्ये आहे, मुलाकडे राहायला गेले की जाते. माझं नाव फळ्यावर कधी आलेलं नाही आणि यायचंही नाही. तरी मी जाते. हे गेल्यापासून मला दिवसभरात विचारणारं कोणी नव्हतं. मुलगा-सून चांगली आहेत, पण कामावर असतात. आता सोमवारी त्या कंपाउंडर मुलीचा फोन येतो, आजी, या आठवड्याचं वाचलं का? खुर्चीतून हात न टेकता उठायला मला पहिल्यांदा जमलंच नाही. आता जमतं. रिक्षातून उतरताना कोणाचा हात धरावा लागत नाही.

तुम्ही सगळे भांडा, पण बंद पाडू नका.

अकोटा_फिजिओ

आजी, हात न टेकता उठता येणं म्हणजे मांड्यांत ताकद आली. नमस्कार तुम्हाला.

काका, तुमच्या 'गप्प होणाऱ्या' माणसावर एक तोडगा इंग्लंडमध्ये आहे. तिथे २००४ पासून पार्करन नावाचा उपक्रम चालतो, दर शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर, फुकट, पळा किंवा चाला. प्रत्येक वेळी एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो. शेवटचा नंबर त्याचा ठरलेला, त्यामुळे दुसरा कोणी शेवटचा येतच नाही. २०१८ पासून तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही आपल्या दवाखान्यांना यात जोडून घेतलंय. डॉक्टर रुग्णाला तिकडे पाठवतात, आणि दवाखान्यातले लोक स्वतःही जातात. कमाटीबागेत मागे राहायला एक माणूस लागेल. मी यायला तयार आहे.

मांजलपूरकर

डॉक्टरांशी काल बोललो. फिजिओताईंच्या तीन पायऱ्या त्यांनी लगेच मान्य केल्या, साखरेच्या गोळ्यांवरच्या रुग्णांना ते आधी बोलावून घेणार आहेत. वजन आणि साखर ग्रुपवर येणार नाही, तसा संदेश त्यांनी टाकलाही. जे दोन आठवडे दिसत नाहीत त्यांना दवाखान्यातून फोन जाईल, हा काकांच्या मुद्द्यावरून निघालेला मार्ग.

फळा मात्र राहावा असं माझं अजून मत आहे. त्यावर सगळ्यात जास्त कोणी केलं याऐवजी, स्वतःच्या मागच्या आठवड्यापेक्षा कोणी जास्त केलं त्यांची नावं लिहावीत. मग आजींचंही नाव येईल.

वाडी_वहिनी

वेळेचं काय ठरलं?

मांजलपूरकर

ते राहिलं विचारायचं. तुम्ही सांगा.

वाडी_वहिनी

बुधवारी रात्री साडेनऊ. बाग नको, आमच्या पोळच्या, म्हणजे गल्लीच्या, चौकात. उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन चढतं, तेव्हा सगळ्यांनाच रात्रीची वेळ सोयीची पडेल. कंपाउंडर मुलीला एकदा पाठवा, खुर्च्या आमच्या.

गोत्रीरोड

संदेश टाकला ते चांगलं झालं. जाहिरातीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं नाहीत. ग्रुपवर तपासणीच्या पॅकेजची एकही जाहिरात येणार नाही, हे फळ्यावर लिहून घ्या.

जुनाबडोदेकर

नाव मागच्या आठवड्याशी तुलना करून लिहिलं तरी ज्याचं या आठवड्यात दुखणं वाढलं त्याचं नाव गळतंच. आजारात आठवडे खालीवर होतात. फोनची गोष्ट चांगली, ती करा. फळ्याला माझा विरोध कायम आहे.