४एल६०-ई: पी१८७० कोड येतोय, व्हॉल्व्ह बॉडी घरी खोलावी का?

ह्यूस्टनकर

ट्रक २००२ चा, ५.३ लिटर व्ही८, गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक, ४एल६०-ई. हायवेवर ऑइल पूर्ण तापलं की पी१८७० (गिअरबॉक्समध्ये काहीतरी घसरतंय असा कोड) येतो आणि मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जोरात झटका बसतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की काही वेळ गाडी नीट चालते. तिसरा गिअर आणि रिव्हर्स व्यवस्थित पकडतात. पीडब्ल्यूएम सोलेनॉइड (कन्व्हर्टर क्लचचा दाब बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नवा टाकला, काही फरक नाही. आता व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) उतरवायची आहे. टॉर्क रेंच, मल्टिमीटर, कॉम्प्रेसर आहे. आत नेमकं काय बघू, काय बदलू?

बोअरगेज

लक्षणं टीसीसी (टॉर्क कन्व्हर्टर क्लच) रेग्युलेटर व्हॉल्व्हची आहेत. कन्व्हर्टरचा क्लच किती दाबाने धरायचा हे हा व्हॉल्व्ह ठरवतो. पीडब्ल्यूएम सोलेनॉइडच्या इशाऱ्यावर तो सतत मागेपुढे थरथरत असतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा बोअर (तो ज्या भोकात सरकतो ते) खात जातो. ऑइल गरम होऊन पातळ झालं की त्या झिजेतून दाब गळतो, क्लच घसरतो, कॉम्प्युटर कोड टाकतो आणि लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधला मुख्य ऑइल दाब) जास्तीत जास्त करून ठेवतो. झटका त्या वाढलेल्या प्रेशरचा. म्हणून नवा सोलेनॉइड टाकून काही होत नाही आणि बॉडी नुसती धुऊनही होणार नाही.

पण आधी पॅन उतरवून बघा. चुंबकावर करडी पेस्ट असणं नेहमीचं आहे. काळे पापुद्रे आणि जळका वास असेल तर ३-४ क्लच (तिसऱ्या-चौथ्या गिअरचा) गेलाय, मग गिअरबॉक्सच खाली घ्यावा लागेल. त्या अवस्थेत व्हॉल्व्ह बॉडीवर एक डॉलरही घालू नका.

पॅन स्वच्छ निघाला तर बॉडी टेबलावर घेऊन रेग्युलेटर व्हॉल्व्ह बोटाने बाजूला हलवून बघा. झिजलेल्या बोअरमध्ये तो डुगडुगतो, आणि टॉर्च मारली की बोअरच्या भिंतीवर घासून चकाकलेला पट्टा दिसतो. खात्रीसाठी व्हॅक्यूम टेस्ट करा: पंप बंद पोर्टवर २५ इंचावर (पाऱ्याच्या) लावून घ्या, मग बोअरवर लावा. १८ इंचाच्या खाली आलं तर बोअर गेला. हीच टेस्ट अ‍ॅक्च्युएटर फीड लिमिट व्हॉल्व्हवर पण करा. सगळ्या सोलेनॉइडना ऑइल तिथून जातं, आणि तो बोअरसुद्धा झिजतो. लोक एक बोअर दुरुस्त करतात, हा विसरतात आणि पुन्हा पॅन खोलतात.

इलाज म्हणजे बोअर रीम करून (कोरून मोठा करून) मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह किंवा स्लीव्ह बसवणं. सॉनॅक्स कंपनीचे किट आणि रीमर मिळतात. रीमर हातानेच, सावकाश, भरपूर ऑइल सोडत आणि फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा, बाहेर काढतानासुद्धा त्याच दिशेने. उलटा फिरवला की कीस धारेखाली अडकून बोअरला चरे पडतात. जुने व्हॉल्व्ह सँडपेपरने घासू नका. त्यांच्या कडा धारदार असतात म्हणून कचरा कापून पुढे ढकलतात; कड गोल झाली की तोच कचरा पाचरीसारखा अडकतो.

पानाबत्तीस

रीमर एकाच गाडीसाठी घेणं परवडत नाही. बॉडी मशीन शॉपला पाठवा किंवा स्लीव्ह बसवलेली तयार बॉडी घ्या. उतरवणं-चढवणं मात्र घरी जमतं. टीसीसी सोलेनॉइडचा (क्लच चालू-बंद करणारा, हा वेगळा) एक बोल्ट पीडब्ल्यूएम सोलेनॉइडच्या आड येतो, म्हणून आधी पीडब्ल्यूएमची क्लिप काढून तो बाहेर घ्या. मॅन्युअल व्हॉल्व्हची छोटी लिंक सोडवून ठेवा. बसवताना ती विसरली तर लिव्हर हलतो, व्हॉल्व्ह जागेवरच राहतो.

बॉडीत चेकबॉलच्या (ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या) सात गोळ्या असतात, एक केसमध्ये (गिअरबॉक्सच्या कवचात). काही वर्षांत फरक आहे, म्हणून उतरवल्याबरोबर फोटो घ्या. बॉडीतल्या गोळ्यांची खोबणी वरच्या तोंडाला असते, त्या पडत नाहीत. केसमधली मात्र सेपरेटर प्लेट (बॉडी आणि केस यांच्यामधला भोकांचा पत्रा) खाली येताच ट्रेमध्ये टपकते, सोबत ३-४ अ‍ॅक्युम्युलेटरचा (शिफ्टचा झटका मऊ करणारा) पिस्टन आणि स्प्रिंगही. चढवताना ती गोळी व्हॅसलीनने चिकटवा. बेअरिंगचं ग्रीस चालणार नाही, ते एटीएफमध्ये (गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये) विरघळत नाही आणि सोलेनॉइडच्या जाळीत जाऊन बसतं.

सेपरेटर प्लेटवर गोळ्या आपटून भोकांच्या कडा दबलेल्या असतात, प्लेट नवीच टाका. १-२ अ‍ॅक्युम्युलेटरचा पिस्टन उजेडात धरून बघा, तडा असेल तर बदला. बॉडीचे बोल्ट ८ पौंड-फूट, म्हणजे ११ न्यूटन-मीटर: मधून सुरू करून गोल फिरत बाहेर. अंदाजाने आवळलेत तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे मरतात, बॉडी वाकते आणि नवा व्हॉल्व्हही अडकतो.

ह्यूस्टनकर

पॅन उतरवला. पेस्ट करडी, वास नाही. रेग्युलेटर व्हॉल्व्ह चांगलाच डुगडुगतो. स्लीव्हवाली बॉडी मागवतोय. प्लेटच्या दोन गॅस्केटवर सी आणि व्ही अशी अक्षरं आहेत. सोलेनॉइड जुनेच वापरले तर चालतील का?

बोअरगेज

सी केसकडे, व्ही व्हॉल्व्ह बॉडीकडे. अदलाबदल झाली तर भोकं जुळत नाहीत.

सोलेनॉइड खोलीच्या तापमानाला मोजा. शिफ्टचे दोन्ही साधारण २० ते २४ ओहम, पीडब्ल्यूएम १० ते ११, प्रेशर कंट्रोल ३.५ ते ४.६. ओहम बरोबर आले म्हणजे वायरची गुंडाळी शाबूत आहे एवढंच कळतं, आत कचरा अडकलाय का ते कळत नाही. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडच्या टोकाचा स्क्रू अजिबात फिरवू नका, त्याचं प्रेशर कारखान्यात लावलेलं असतं. मी असतो तर तेवढा एक नवा घेतला असता.

नवा फिल्टर टाका, त्याचं जुनं सील केसमध्ये अडकून राहिलं नाही ना ते बघा. डेक्स्रॉन-६ ऑइल आधी सुमारे ४.७ लिटर भरा, इंजिन चालू करून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा. शेवटची पातळी ऑइल ८२ ते ९३ अंशांवर असताना, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये ठेवून डिपस्टिकवर बघा. कोड पुसा आणि हायवेवर स्कॅनरवर टीसीसी स्लिप (क्लच किती घसरतो) बघा: क्लच लॉक झाल्यावर ऑइल पूर्ण तापलेलं असतानाही ती शून्याच्या आसपास राहिली पाहिजे.